नळीला हात लावू नये

शांतिकुंज सोसायटीत वीस फ्लॅट आहेत, एकसष्ट माणसं आहेत आणि सचिव व्हायला तयार असलेलं एकही माणूस नाही. म्हणून सहा वर्षं सचिव मी. महानगरपालिकेचं ध्रुवनळीचं पत्र आलं तेव्हा अध्यक्ष काळमेघ भाऊंनी ते वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "वहिनी, हे तुमच्या लायनीतलं हाये," म्हणाले. माझी लाईन म्हणजे काय, तर जे दुसऱ्या कोणाला करायचं नाही ते.

आमची अमरावती काळ्या मातीवर वसलेली आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की एका भेगेत आमच्या वॉचमनची चप्पल गेली ती गेलीच. तिच्यावरच्या इमारतीही वर्षभर थोड्या उचलल्या जातात, थोड्या कलतात आणि पुन्हा जागेवर येतात. येतात तोवर काळजी नसते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात एक इमारत कलली, ती परत आलीच नाही. भाद्रपदातल्या एका सकाळी ती खाली बसली. त्यानंतर कायदा झाला: तीस वर्षांवरच्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर ध्रुवनळी बसवायची.

नळी बसवायला तायडे नावाची इंजिनिअर मुलगी आली, एक जूनला. हातभर लांबीची पांढरी नळी तिने पाण्याच्या टाकीजवळ गच्चीला बोल्टांनी आवळली. तोंड उत्तरेला, थोडं वर. बाजूला वहीएवढा पडदा, त्यावर एक पांढरा ठिपका.

"हा ध्रुव," ती म्हणाली.

सकाळचे अकरा वाजले होते. आमचे हे, म्हणजे गावंडे सर, पस्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले, पुढे सरसावले. "दिवसा?"

"तारे दिवसाही असतात सर, उजेडात हरवतात. ही नळी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते, त्यात आकाश बरंच काळं असतं. ढग नसले की चोवीस तास दिसतो."

"पण ताराच कशाला? समोरच्या टॉवरवर नेम धरा की."

"समोरचा टॉवरही याच मातीत उभा आहे, सर."

सर गप्प बसले. मी ती तारीख लिहून ठेवली.

मग तिने समजावलं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. बाकीचे तारे उगवतात, मावळतात, ऋतूप्रमाणे गायब होतात. ध्रुव मावळत नाही. रात्रभर आणि वर्षभर तो उत्तरेला, जवळजवळ त्याच जागी असतो. जवळजवळ, कारण तोही दिवसातून एकदा छोटीशी चक्कर मारतो. दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं त्याचं वर्तुळ. पण ती चक्कर इतकी ठरलेली, की यंत्र ती आधीच वजा करतं. वजा करूनही तारा सरकलेला दिसला, तर तारा सरकलेला नसतो. इमारत सरकलेली असते. आमची इमारत दक्षिणेकडे कलली की नळीचं तोंड वर होणार आणि ठिपका पडद्यावर खाली येणार.

"किती खाली आला तर घाबरायचं?" मी विचारलं.

"विकलांत मोजतो काकू. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला. दहा रुपयांचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढी एक विकला." ती हसली. "पावसाळ्यात तारा शंभर-दीडशे विकला खाली जाईल, त्याला घाबरायचं नाही. उन्हाळ्यात परत वर यायला हवा. पुढच्या एक जूनला तो आजच्या जागेपासून साठ विकलांच्या आत असला, तर इमारत पास. नसला तर सगळ्यांनी बाहेर, पाया तपासेपर्यंत. आणि एकच गोष्ट सांभाळा. वर्षभर नळीला कोणी हात लावायचा नाही. यंत्र फक्त रोजची सरासरी ठेवतं, मधे कोणी हलवली तर त्याला कळत नाही."

एकसष्ट माणसांना वर्षभर एका वस्तूला हात लावू द्यायचा नाही! त्या मुलीचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून ती इतक्या सहज बोलली.

मी पाटी लावली: 'नळीला हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी पाटीवर टॉवेल वाळत होता. मग मी एक रजिस्टर घातलं. तारीख, तारा कुठे, काय झालं, आणि चौथा रकाना 'कोण'. जूनमध्ये भाजीचा ड्रोन गच्चीवरचा उतरायचा चौथरा सोडून नळीवर मेथीच्या दोन जुड्या ठेवून गेला. कोण: पहिला मजला, पत्ता चुकीचा टाकला. श्रावणात कोणीतरी नळीला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. ध्रुव बघणारी नळी म्हणजे देवच की. हाराच्या वजनाने तारा तीन विकला सरकला. कोण: उज्ज्वला इंगोले. विचारलं तर म्हणाली, "मी हात कुठं लावला बाई? फक्त हार घातला." माघ लागताच तिच्याच कुरडयांचं प्लास्टिक नळीला बांधलेलं सापडलं. "हे पण हात लावणं होते का?" हा तिचा प्रश्न, आणि तिच्या मागे उभ्या तीन बायकांचे तसेच चेहरे.

माणसं नियम मोडत नाहीत, हे मला त्या वर्षी कळलं. ती नियमाच्या बाजूने जातात आणि धक्का मात्र नियमालाच लागतो.

तारा मात्र आपलं काम करत होता. सप्टेंबरात तो एकशे चाळीस विकला खाली होता. तायडे म्हणाली, ठीक आहे. फेब्रुवारी उजाडला तेव्हा आजूबाजूच्या इमारतींचे तारे निम्मे वर आले होते. आमचा एकशे अठ्ठावीसवर बसून होता. "वाट बघू," ती म्हणाली, पण या वेळी 'ठीक आहे' म्हणाली नाही.

आणि फेब्रुवारीतच आमच्या ओवीचं लग्न होतं.

लग्न खालच्या पार्किंगमध्ये मांडव घालून केलं, कारण वरपक्ष यवतमाळचा, समजूतदार. मुहूर्त सकाळी दहा बावन्नचा. सप्तपदी झाली आणि ध्रुवदर्शन आलं. नवऱ्याने नवरीला ध्रुव दाखवायचा, तिने 'दिसला' म्हणायचं. दिवसाच्या लग्नात भटजी मांडवाच्या कापडाकडे बोट करतात आणि नवरी 'दिसला' म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या कोणाचं काही अडलेलं नाही. आमच्या लग्नात मी मंगल कार्यालयाच्या पंख्याकडे बघून म्हणाले होते.

ते सरांनी तेहतीस वर्षं मनात ठेवलं होतं. "संसाराची सुरुवात खोट्या निरीक्षणाने झाली," असं ते भांडणात म्हणायचे.

त्या वेळी मी आत रुखवत आवरत होते, म्हणून पुढचं मला नंतर कळलं. सर उठून म्हणाले, "माझी मुलगी खोटं बोलणार नाही. चला वर!" आणि नवरानवरी, भटजी, वऱ्हाडी आणि अख्खी सोसायटी पाच जिने चढून गच्चीवर गेली. नळीचा पडदा टाकीच्या भिंतीकडे तोंड करून होता. शालू नेसलेल्या, मुंडावळ्या बांधलेल्या ओवीला तिथे वाकून बघता येईना. मग सरांनी खिशातली पेन्सिल काढली, नळी आणि तिची बैठक या दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ मारली, काळमेघ भाऊंच्या स्कूटरचा पाना मागवला, बोल्ट सैल केले आणि नळी फिरवली. नळी फिरली तसा तारा पडद्यावरून गेला. तो पुन्हा शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. ओवीला ध्रुव खरंच दिसला. टाळ्या झाल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरांनी रेघ रेघेला जुळवून नळी परत बसवली, बोल्ट आवळले आणि सगळे जेवायला खाली आले.

मला कळलं ते पाठवणी झाल्यावर.

"नऊ महिने!" मी म्हणाले. "मी बायकांशी कुरडयांवरून भांडत होते, आणि तुम्ही पाना घेऊन?"

"रेघेवर परत ठेवली आहे. केसाचाही फरक नाही."

"तायडे म्हणाली होती..."

"तायडेला भूमिती कोणी शिकवली, ते विचार आधी."

त्याच दुपारी ढग भरून आले आणि चार दिवस अवकाळी पाऊस, गारा. त्या पाच दिवसांची सरासरी यंत्राने घेतलीच नाही. आभाळ मोकळं झालं तेव्हा तारा अठरा विकलांवर होता. एकशे दहा विकला वर! तायडेचा फोन आला. "काकू, मधल्या आठवड्यात काही झालं का?"

ओवी सासरी जाऊन पाच दिवस झाले होते. घर रिकामं होतं. मी म्हणाले, "अवकाळी झाला."

हे खोटं नव्हतं. रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात मात्र मी लिहिलं: 'आमच्याकडचेच.'

एक जूनला तायडे आली. पडदा बघितला आणि तिचा चेहरा उजळला. "आठ विकला. काकू, तुमची इमारत या वॉर्डात पहिली!" तिने मला फॉर्म दिला. दोनच प्रश्न. वर्षअखेरीचा फरक किती, आणि वर्षभरात नळी हलवली गेली होती का. हो असल्यास कोणी, कधी. खाली सचिवाची सही. "संध्याकाळपर्यंत पाठवा," म्हणाली आणि दुसऱ्या इमारतीकडे पळाली. वर्ष संपलं होतं, नळी आता नुसती शोभेची.

बातमी जिन्यातून माझ्या आधी खाली गेली. काळमेघ भाऊंनी राजकमल चौकातून गिला वडा मागवला. पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. मला थांबवून म्हणाले, "फॉर्म भरला का वहिनी?"

"दुसरा प्रश्न आहे भाऊ. तुमचाच पाना होता."

काळमेघ भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, ज्या नजरेने माणसं लहान मुलाने पाहुण्यांसमोर पगार विचारल्यावर बघतात. "कोणता पाना?" मग आवाज उतरवून, "हे पाहा, पोरीच्या लग्नातली गोष्ट हाये. मंगल काम. कायले लिहून ठेवता कागदावर? अन् सर सांगतात ना, रेघेवर ठेवली म्हणून. सर कधी चुकतात का?"

त्या दिवशी गच्चीवर अख्खी सोसायटी होती. प्रत्येकाने पाना पाहिला होता. मी उज्ज्वलाला विचारलं, तिने 'ओवी किती गोड दिसत होती' असं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर विचारलं, त्यांना अवकाळी आठवला. वर्षभर ज्यांनी एकमेकांचं पार्किंग, पाणी आणि कुत्री यांवरून एक क्षण एकमत होऊ दिलं नव्हतं, ती वीस घरं एका दिवसात एका सुरात बोलत होती. सर कधी चुकत नाहीत! आणि सर तर हे ऐकायला तेहतीस वर्षं तयारच होते.

मी घरी येऊन फॉर्म टेबलावर ठेवला. हिशेब साधा होता. नळी खरोखर रेघेवर परत बसली असेल, तर वर आलेले एकशे दहा विकला अवकाळीचे, म्हणजे दक्षिणेची माती भिजून फुगली आणि इमारत सरळ झाली. पास. आवळताना नळी हलली असेल, तर ते एकशे दहा आमच्या पान्याचे, आणि इमारत वर्षभरात परत आलेलीच नाही. पंधरा दिवसांत पावसाळा. माती पुन्हा फुगणार. एकसष्ट माणसं, त्यांतलं एक पाळण्यातलं.

"तुम्हाला खात्री आहे?" मी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग पुन्हा करून दाखवा."

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणजे?"

"पेन्सिलीची रेघ अजून आहे. बोल्ट सैल करा, नळी रेघेवर ठेवा, तारा बघा. मग आवळा आणि परत बघा. सरकला नाही, तर मी 'नाही' लिहिते आणि आयुष्यभर तुम्हाला उलट बोलत नाही."

हा सौदा त्यांना आवडला. दोघं वर गेलो. साडेअकराचं ऊन, गच्ची अशी तापलेली की चपलेतून चटका बसावा. सरांनी बोल्ट सैल केले, चष्मा पुसून रेघ रेघेला जुळवली. माणूस नेटका आहे, ते मी कधी नाकारलं नाही. पडद्यावरचा आकडा मी लिहिला. मग त्यांनी पाना लावला आणि आवळला.

ठिपका हलला. डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच. आकडा मात्र दिसला.

"एकशे चार," मी म्हणाले. "वर."

"ऊन आहे. नळी तापली. परत."

सत्त्याण्णव. वर.

"डाव्या हाताने करतो." अठ्ठ्याऐंशी. वर. खालचा बोल्ट आधी आवळून पाहिला. एकशे एक. त्यांनी नळीवर माझा पदर धरायला लावला, सावलीसाठी. एकशे अकरा. सहावी वेळ, एकशे आठ. रेघ दर वेळी रेघेवरच होती, मी वाकून पाहत होते. पण बोल्ट आवळताना बैठक किंचित दबायची आणि नळीचं तोंड खाली जायचं. हातभर लांबीवर दोन-तीन केसांएवढं. तेवढ्यात एक घर कललेलं सरळ दिसू शकतं.

सातवी वेळ, एकशे पाच. वर.

खालून काळमेघ भाऊंचा हसण्याचा आवाज येत होता. सर टाकीच्या सावलीत खाली बसले. माझ्या हातून वही घेतली, बेरीज केली, सातने भागलं. दोनदा.

"सरासरी एकशे दोन," ते म्हणाले. "अवकाळीचे आठच. म्हणजे इमारत एकशे दहा विकला कललेली आहे. हद्द साठची."

मी पाना उचलून बाजूला ठेवला.

"रेघ बरोबर होती," ते म्हणाले.

हे वाक्य येणार हे मला माहीत होतं. उत्तरही तयार होतं, वर्षानुवर्षांचं मुरलेलं. पण ते थांबले नव्हते.

"रेघ बरोबर होती. माझं चुकलं."

चिखलदऱ्याला जाताना रस्ता विचारायला नकार देऊन आम्ही परतवाड्याला तीनदा पोहोचलो, तेव्हापासून मी या दोन शब्दांची वाट बघत होते. ते आले की काय करायचं, हेही मी ठरवलेलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"एकदा परत मोजा ना."

"सात वेळा मोजलं."

"ऊन होतं. तुम्हीच म्हणालात. संध्याकाळी मोजू. मी धरते नीट."

"ज्योत्स्ना, सातही वेळा तो वरच गेला."

"पण तुम्ही चुकत नाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचं बरोबर असावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि नेमका आजच त्याने हट्ट सोडला होता.

त्यांनी फॉर्म मागितला. मांडीवर वही ठेवून, फळ्यावर लिहायचे तशा वळणदार अक्षरात लिहिलं: 'हो. मुलीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी अकरा वीसच्या सुमारास, मी नळी फिरवली. प्रयोगांची सरासरी सोबत जोडली आहे. हेमंत गावंडे.' मग पेन माझ्याकडे केलं. मी पेन झटकलं. चालत नाही म्हटलं. त्यांनी खिशातून दुसरं काढलं.

मी सही केली. तिथेच फोटो काढून तायडेला पाठवला, कारण पाच जिने उतरेपर्यंत मी बदलले असते.

खाली खुर्च्यांचं वर्तुळ झालं होतं. द्रोणांत गिला वडा, वर दही. उज्ज्वला म्हणाली, "या या, पासवाले आले!" सर वर्तुळाच्या मधे जाऊन उभे राहिले, वर्गात उभे राहत तसे, आणि सगळं सांगितलं. एकशे दोन, एकशे दहा, साठ. चार-पाच वाक्यं. कोणालाही समजावं असं.

मग उज्ज्वलाने द्रोण खाली ठेवला. "पण आम्ही जायचं कुठं?"

आणि काळमेघ भाऊ उठले. इतक्या जोरात की खुर्ची मागे पडली. "वा रे वा सर! पोरगी तुमची, लग्न तुमचं, हौस तुमची, अन् घर आम्ही सोडायचं? एक शब्द लिहिला नसता त काय बिघडलं असतं? तुमाले खरं बोलायचा इतका शौक हाये, त कोण्या दुसऱ्याच्या घरात बोला ना!" मग माझ्याकडे वळून, "अन् तुम्ही वहिनी! तुम्ही सही केली?"

"केली."

"कायले?"

"भाऊ, तुमचा नातू पाळण्यात झोपतो तो फ्लॅट दक्षिणेचा आहे."

ते आणखी बरंच बोलले. त्यांचं पाहून तिसरा मजला बोलला, मग पहिला. सरांना जे जे म्हणता येईल ते सगळं त्या दहा मिनिटांत म्हणून झालं. ते एका जागी उभे राहून ऐकत होते. एकदाही त्यांनी 'पण' म्हटलं नाही. त्या नसलेल्या 'पण'ची मला भीती वाटत होती.

मग काळमेघ भाऊ तरातरा जिना चढून गेले. त्यांचं दार आपटलं. सगळे वर बघत राहिले. दोनेक मिनिटं गेली असतील, आणि चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. दाराकडे. त्यांच्या सुनेचा आवाज: "बाबा, पाळणा आधी काढा, कपाट राहू द्या."

उज्ज्वला उठली. तिसरा मजला उठला. एकेक जण आपापला द्रोण घेऊन जिन्याकडे निघाला, सरांकडे न बघता, पण त्यांच्या अंगाला धक्का लागू न देता.

शेवटी आम्ही दोघंच राहिलो आणि टेबलावर उरलेले वडे. सर तसेच उभे. मी एका द्रोणात दोन वडे घातले, दही जरा जास्त, आणि त्यांच्या हातात दिला.

"खा," मी म्हणाले. "वरून वीस घरांचं सामान उतरवायचंय, आणि कोणी मजूर करणार नाही. सगळे म्हणतील, सरांना बोलवा."